एकवीस फेब्रुवारीचा फोन

वॉलॉंगॉंग
१९ एप्रिल २०२०

इरा,

कॉलेजचा राजीनामा मागे घेऊ का, एवढं एकच तू विचारलं आहेस. उत्तर आधी देते. घेऊ नकोस.

तुझे प्राचार्य म्हणतात ते खरं आहे. राजीनामा ३१ मेला अमलात येतो आणि तोपर्यंत तो मागे घेता येतो. पण तू तो मागे घेतलास तर मी इथे काय सांगू? दोन महिन्यांपूर्वी जिला एकमताने निवडलं ती आता तळ्यात-मळ्यात करते आहे? ऑस्ट्रेलियाची सरहद्द बंद आहे, युनिव्हर्सिटी बंद नाही. तुझं नेमणुकीचं पत्र डीनच्या टेबलावर आहे. टेबल म्हणजे सध्या त्याच्या घरातलं जेवणाचं टेबल, कारण तोही घरूनच काम करतो. मी पत्र पाहिलेलं नाही. त्याने सांगितलं.

लिएन मागायला हवा होता असं तुझी आई म्हणते. दोन वर्षं जागा राखून ठेवली असती, नाही जमलं तर परत जाता आलं असतं. मागू नकोस असं मीच म्हणाले होते, ते मला आठवतं. संस्थेची बैठक, ठराव, सह्या यात जुलै उजाडला असता, आणि इथलं सत्र जुलैत सुरू होतं. शिवाय ज्याची मागे जागा राखलेली आहे तो माणूस अर्धाच येतो, असं मला वाटतं. मी वॉलॉंगॉंगला आले तेव्हा मागे काही ठेवलं नव्हतं. तुमचा स्पॅनिशचा संध्याकाळचा वर्गसुद्धा आठवड्याभरात दुसऱ्याकडे देऊन आले होते. तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस आणि रुसली होतीस.

काल अर्जांचा गठ्ठा पुन्हा उघडून पाहिला. एकसष्ट अर्ज. सिडनीच्या फेअरफील्डमधल्या लॅटिनो मुलांबरोबर चार वर्षं राहून ती कशी मोठी होतात ते पाहणारा अध्यापक हवा, अशी साधी जाहिरात होती. साठ जणांनी मुलांच्या चिकाटीविषयी लिहिलं. मुलाखतीला यासेनिया बसली होती ते आठवतं का? पॅनेलवर त्याच वस्तीतलं एक मूल असावं हा माझा हट्ट होता. डीनला तो नाटकीपणा वाटला होता. तिने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, आमचा अभ्यास तुला कशाला करायचा आहे. बाकीच्यांनी दहा-दहा मिनिटं घेतली. तू पुण्याहून स्क्रीनवर स्पॅनिशमध्ये म्हणालीस, अजून माहीत नाही, चार वर्षांनी विचार. पोरीने तुला दहापैकी दहा दिले आणि कागद माझ्याकडे असा सरकवला, जणू चर्चा संपली.

रोसाउरा रोज विचारते, तुझी पुण्याची बाई कधी येते. फेअरफील्डच्या हॉलमधलं तिचं शनिवारचं मुलांचं मंडळ आता फोनवर चालतं. येते, असं मी तिला सांगते.

३१ मे येऊ दे आणि जाऊ दे.

लीनाताई


१४ मे २०२०

इरा,

हे घरच्या पत्त्यावरून पाठवते आहे. यापुढे याच पत्त्यावर लिही. युनिचा मेल हल्ली नीट चालत नाही.

शैलेंद्र गॅरेजमध्ये झोपतो. हॉस्पिटलातून येतो, बाहेरच्या नळावर हात धुतो, कपडे बादलीत टाकतो आणि मागच्या दाराने आत जाऊन दार लावून घेतो. जेवणाचं ताट मी पायरीवर ठेवते. ऋतिकाची लेक्चर्स वरच्या खोलीत चालू असतात. नवरा-बायको आणि लेक, तिघं एका घरात आहोत आणि दिवसातून एकदा काचेतून एकमेकांना पाहतो. किनाऱ्यावर फिरायला परवानगी आहे, बसायला नाही. पोर्ट केम्बलाचा पोलादाचा कारखाना मात्र चालू आहे. भट्ट्या थंड होऊ दिल्या तर पुन्हा पेटत नाहीत म्हणे.

सरकारने पगार चालू ठेवण्याची जी योजना काढली त्यातून विद्यापीठं वगळली आहेत. परदेशी विद्यार्थी अडकले आहेत. प्रत्येक विभागाकडून काही ना काही मागितलं जातं आहे. हे सगळीकडेच चालू आहे, म्हणून फार मनावर घेऊ नकोस.

रोसाउराने मुलांना घरातला एक आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगितलं. कुणी प्रेशर कुकर पाठवला, कुणी आजीची प्रार्थना. यासेनियाने काहीच न बोलता चाळीस सेकंद पाठवली. त्यात मागे टीव्ही आहे आणि कुणीतरी एकदाच दार आपटतं. मी ते पुन्हा पुन्हा ऐकते. तू असतीस तर त्यातून काही काढलं असतंस. मला फक्त दार ऐकू येतं.

तू पुन्हा तेच विचारलं आहेस, आता सतरा दिवस उरले, काही कळलं का. नवीन काही कळलेलं नाही.

आईला नमस्कार सांग.

लीनाताई


९ जून २०२०

इरा,

अशा वेळी लिहायचं एक पत्र एचआरने तयार करून दिलं आहे. ते तुला पाठवत नाही.

जागा गेली. पुढे ढकललेली नाही, रद्द झाली. मला गेल्या आठवड्यात कळलं.

तू रविवारी तीनदा फोन केलास. मी घरीच होते. काय बोलायचं ते ठरत नव्हतं.

राजीनामा मागे घ्यायची मुदत नऊ दिवसांपूर्वी संपली, हे मला ठाऊक आहे. ते तू लिहून कळवायची गरज नाही. प्राचार्य चांगले गृहस्थ आहेत, त्यांना भेट. महामारी आहे, नियम थोडे वाकतील. सगळीकडे वाकताहेत.

मी रोसाउराला सांगितलं.  ती म्हणाली, “मेट, यासेनियाला तूच सांग. मी सांगणार नाही.”

मी अजून सांगितलेलं नाही.

लीना


१३ सप्टेंबर २०२०

इरावती,

तीन महिन्यांनी तुझा मेल आला. चार ओळी. तू मुद्द्याचं लिहितेस, तेच मी इथे लिहून पाहते, म्हणजे माझा गैरसमज नको.

प्राचार्यांनी संस्थेशी बोलून वाट काढली आहे. तुझा राजीनामा खास बाब म्हणून बिनपगारी रजेत बदलता येईल. त्यासाठी इथल्या विद्यापीठाचं एक पत्र हवं. राजीनाम्याच्या आधी नोकरी देऊ केली होती आणि नंतर महामारीमुळे ती मागे घेतली, एवढंच. त्यात तारीख हवी. ३० सप्टेंबरच्या आत. त्यानंतर तुझी जागा जाहिरातीत जाईल.

एवढ्या साध्या गोष्टीला मी नऊ दिवस उत्तर दिलं नाही.

मी एचआरला विचारलं. ते म्हणतात, लेखी ऑफर गेली नव्हती, तेव्हा पत्र कशाचं देणार. कायद्याने ते बरोबर आहेत. फोनवर जे बोलणं होतं त्याला इथे ऑफर म्हणत नाहीत. ती रीत आहे. पॅनेलचं ठरलं की अध्यक्षाने उमेदवाराला फोन करायचा, आनंदाची बातमी द्यायची, कागद मागून येतो. मी आजवर अकरा जणांना असे फोन केले. अकरा जणांचे कागद आले.

विभागाच्या वतीने मी तुझ्याविषयी दोन पानं लिहून देऊ शकते. तुझं मेक्सिकोतलं काम, तुझी स्पॅनिश, तुझी नजर. त्यात मी काही हातचं राखणार नाही. सोबत जोडली आहेत.

तू म्हणशील, दोन पानं नकोत, दोन ओळी हव्यात. ऋतिका तेच म्हणाली. माझ्या खांद्यामागून तिने तुझा मेल वाचला. मी तिला समजावत होते की संस्था मोठी असते, एखादं वाक्य कुठे जाऊन लागेल सांगता येत नाही, त्याला कायद्याची बाजू असते. ती कायदाच शिकते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इट्स अ डेट, आई. जस्ट राइट द डेट.” मग स्वतःची कॉफी घेऊन वर गेली.

लिहिता येत नाही. कारण आहे. ते या पत्रात लिहिण्यासारखं नाही.

लीना


२२ नोव्हेंबर २०२०

इरावती,

माधवशी बोलणं झालं. आमच्या जुन्या वर्गातला माधव तुझ्याच कॉलेजात परीक्षा विभागात आहे हे मी विसरले होते. त्याने दिवाळीच्या शुभेच्छांचा फोन केला. मी तुझं विचारलं म्हणून सांगितलं. तुझ्या जागेची जाहिरात आली. तू स्वतःच्याच जागेसाठी अर्ज केलास. मुलाखतीत तुला विचारलं, आधीची नोकरी का सोडली. तू म्हणालीस, ऑस्ट्रेलियात नेमणूक झाली होती. पत्र आहे का, असं त्यांनी विचारलं. तू नाही म्हणालीस. समितीतले एक जण हसले, असं माधव म्हणाला. त्याने तेवढं सांगायला नको होतं.

तुझ्या जागी एक सत्तावीस वर्षांची मुलगी आली आहे. हुशार आहे म्हणे.

सप्टेंबरमध्ये लिहिलं नाही ते कारण आता लिहिते.

मे महिन्यात प्रत्येक विभागाने एक पद सोडायचं असा हुकूम आला. सोबत एक फॉर्म होता. रिकामी पदं कोणती, आणि त्यातल्या कुणासाठी कुणाला शब्द दिला आहे का. शब्द दिलेला नसेल तर ते रिकामं पद सोडलेलं धरायचं आणि विभाग सुटला. शब्द दिलेला असेल तर ते पद सोडता येणार नाही, मग भरलेल्या पदांपैकी एक द्यायचं. फॉर्मवर वाक्य छापलेलं होतं: या पदासाठी कोणत्याही उमेदवाराला तोंडी अथवा लेखी वचन दिलेलं नाही. समोर चौकोन होता. मी त्यात खूण केली आणि खाली सही केली.

म्हणून मला पत्र देता येत नव्हतं. दिलं असतं तर ती सही खोटी ठरली असती.

हे मी रोसाउरासाठी केलं. भरलेलं पद म्हणजे तिचं गेलं असतं. ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. लहानपणी आईबापांबरोबर चिलीहून पळून आली, आणि त्या हॉलमधल्या मुलांना तिच्याशिवाय कुणी नाही. तू अजून तरुण आहेस, तुला पदवी आहे, दुसरीकडे काही मिळेल, असा मी विचार केला. तो विचार चुकीचा असेल. पण तो माझा विचार होता.

सही केली तो दिवस सोमवार, ११ मे.

तारीख लिहिली म्हणजे तू १४ मेचं माझं पत्र काढून पाहशील. पाहा.

लीना


१५ ऑगस्ट २०२१

इरावती,

नऊ महिन्यांत तुझ्याकडून काही नाही, आणि मीही लिहिलं नाही. एप्रिलमध्ये तुझी आई हॉस्पिटलात होती हे माधवकडून कळलं, आणि ती घरी आली हेही. तेव्हा लिहायला बसले होते. त्याच आठवड्यात इथल्या सरकारने भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही तुरुंगाची भीती घातली. ब्लॅकटाउनची माझी मैत्रीण चित्रलेखा तिच्या वडिलांच्या अंत्यविधीला जाऊन नागपुरात अडकली होती. तुझ्या आईची चौकशी करायला मी कोणत्या तोंडाने लिहावं ते समजेना. लिहिलं नाही.

आता लिहिते आहे ते रोसाउरामुळे.

तू तिला पत्र लिहिलंस. जूनमध्ये. तिने मला त्यातलं वाचून दाखवलं. तू तिला लिहिलं आहेस, “तुझी नोकरी टिकली हे कळलं, त्यामुळे जे झालं ते मला थोडं सोसवतं.” आणि यासेनिया कशी आहे असं विचारलं आहेस.

रोसाउराने फोन स्पीकरवर टाकला होता. मागे हेलिकॉप्टरचा आवाज येत होता. फेअरफील्डवर सध्या ते रोज फिरतं. रस्त्यावर सैनिक आहेत, घरोघर जाऊन लोक घरात आहेत का ते पाहतात. दुसऱ्या भागात कामाला जाणाऱ्यांना दर तीन दिवसांनी चाचणी करावी लागते, म्हणून गाड्यांच्या रांगा मैलभर जातात. मला वॉलॉंगॉंगहून तिकडे जाता येत नाही. तिने पत्र संपवलं आणि विचारलं, “हे काय आहे, लीना? माझा पगार काउन्सिल देतं, विद्यापीठ नाही. पहिल्या दिवसापासून. तू मला कधी वाचवलंस?”

मी म्हणाले, तसं लिहिणं मला सोपं गेलं.

ती म्हणाली, “तिला वाटतं मी तिची ऋणी आहे. मी तिला काय उत्तर लिहू?”

  फोन तिने ठेवला.

तेव्हा हे लिहिते. आमच्या विभागात विद्यापीठाच्या यादीवरचं भरलेलं पद एकच होतं. माझं. तुला शब्द दिला आहे असं लिहिलं असतं तर मी गेले असते आणि तू आली असतीस. कदाचित तूही आली नसतीस. सरहद्द बंद होती, अध्यक्ष नसलेला विभाग त्यांनी दोन महिन्यांत बंद केला असता. हे सगळं मी तेव्हा मनाशी मांडून पाहिलं होतं. त्याने फरक पडत नाही. फॉर्म समोर होता तेव्हा मी हे मांडत नव्हते. शैलेंद्र गॅरेजच्या दारात उभा होता. मी त्याला काचेतून विचारलं, काय करू. तो म्हणाला, “ही वेळ नोकरी सोडायची नाही.” त्याला तुझ्याविषयी माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

आणि ३१ मेबद्दल. फॉर्मवर सही केल्यावर वीस दिवस होते. मी तुला त्या दिवशी दोन शब्दांचा निरोप पाठवला असता, घे मागे, तर तुझी जागा तुझ्याकडे राहिली असती आणि माझी माझ्याकडे. दोघींचं काहीच गेलं नसतं. हे मला जूनमध्ये सुचलं. मेमध्ये मला इतकंच वाटत होतं की निरोप पाठवला तर त्याची नोंद राहील, आणि मी सही करण्याआधी काय बोलले होते ते कुणीतरी विचारील. म्हणून मी तुला कारखान्याच्या भट्टीविषयी लिहिलं.

यासेनियाविषयी तू विचारलंस. ती सतरा वर्षांची आहे. बारावीचं ऑनलाइन चालू होतं, चार भावंडांत एक लॅपटॉप. जुलैमध्ये तिने शाळा सोडली. एका गोदामात खोकी भरते. तीन दिवसांनी एकदा चाचणीच्या रांगेत असते. ज्या चाळीस मुलांच्या याद्या आपण केल्या होत्या, त्यांतली अठरा शाळेत आहेत. बाकीची कुठे आहेत ते रोसाउरा सांगू शकते, मी नाही. ती वाढताहेत. कुणी पाहत नाही एवढंच.

मी युनिला कळवायचं ठरवलं आहे. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

लीना


१९ डिसेंबर २०२१

इरावती,

सप्टेंबरमध्ये कळवते असं म्हणाले असते तर ते खोटं ठरलं असतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कळवलं. आधी डीनला. स्क्रीनवर त्याने कॅमेरा चालू ठेवला आणि मान हलवत राहिला. तो म्हणाला, “लीना, नो वरीज, त्या काळात सगळ्यांनीच काही ना काही लिहिलं.” मी म्हणाले, मला हे नोंदवायचं आहे. तो म्हणाला, मग एचआरला लिही.

एचआरला लिहिलं. २१ फेब्रुवारी २०२० रोजी पॅनेलची अध्यक्ष या नात्याने मी उमेदवाराला फोनवर नेमणूक कळवली आणि राजीनामा द्यायला सांगितलं. ११ मेच्या फॉर्मवरचं माझं निवेदन खोटं आहे. उमेदवाराला तसं पत्र द्यावं.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. विद्यापीठाच्या नोंदीप्रमाणे असं कोणतंही वचन दिलेलं नव्हतं. पुरावा म्हणून ११ मेच्या फॉर्मची प्रत जोडली होती, माझ्या सहीसकट. माझी आत्ताची आठवण त्यांनी नोंदवून घेतली आहे. ती विद्यापीठाची भूमिका नाही. विद्यापीठाचा कागद, शिक्का किंवा पदनाम वापरून मी काही लिहून देऊ नये.

मी खोटं लिहिलं तेव्हा कुणी काही विचारलं नाही. खरं लिहिलं तेव्हा त्यांनी मला माझंच अक्षर दाखवलं.

शिक्षा वगैरे काही नाही. विभाग ३१ डिसेंबरला बंद होतो आहे. ते माझ्या पत्रामुळे नाही. आधीच ठरलं होतं. मला दुसऱ्या शाखेत घेतलं आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांना संशोधनाच्या पद्धती शिकवायच्या आहेत. तेव्हा माझी नोकरी राहिली. हेही तुला कळायला हवं.

मग मी साध्या कागदावर लिहिलं. नाव, घरचा पत्ता, आणि जे घडलं ते सहा ओळींत. तो दिवस महाशिवरात्रीचा होता, तू उपासाची होतीस, साबुदाणा भिजवलेला तसाच टाकून तू ओरडत आईकडे पळालीस आणि फोन चालूच राहिला, हे त्यात लिहिलं नाही. तारीख लिहिली. ऋतिकाने मला जस्टिस ऑफ द पीसकडे नेऊन ते साक्षांकित करून घेतलं. तिथल्या म्हाताऱ्याने वाचलं आणि विचारलं, हे कुठल्या कोर्टात द्यायचं आहे. ती म्हणाली, कुठल्याच नाही. त्याने शिक्का मारला. मी ते कुरियरने पाठवलं.

दोन आठवड्यांपूर्वी तुझं उत्तर आलं. वीस महिन्यांतलं तुझं सगळ्यात लहान पत्र. वर संबोधन नाही. “कागद मिळाला. तारीख बरोबर आहे. आता तो कुणाला दाखवू ते कळवा.”

टोमणा असेल असं आधी वाटलं. मग वाटलं, नाही, तू खरंच विचारते आहेस. तू नेहमी खरंच विचारायचीस. म्हणून शोध घेतला.

तुझे प्राचार्य मेमध्ये निवृत्त झाले. त्यांच्या घरी फोन केला. त्यांना तुझं नाव आठवलं, माझं नाही. ते म्हणाले, बाई, त्या सप्टेंबरात मी स्वतः रोज टपाल पाहत होतो. नव्या प्राचार्यांना लिहिलं. त्यांच्या कार्यालयातून उत्तर आलं की प्रकरण निकाली निघालं असून त्या पदावरील व्यक्तीस कायम करण्यात आलं आहे. माधवला विचारलं, दुसऱ्या एखाद्या कॉलेजात याचा उपयोग होईल का. तो म्हणाला, तिथे अनुभवाचं पत्र लागतं, हे कसलं आहे? चित्रलेखाच्या ओळखीच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, दावा लावायची मुदत आणि दावा लावायची ताकद, दोन्ही बघावं लागेल, आणि दाव्यात पहिली साक्षीदार म्हणून ज्या बाईंचं नाव येईल त्यांची सही दोन्ही बाजूंना आहे. रोसाउराला विचारलं. ती आता माझ्याशी कामापुरतं बोलते. म्हणाली, यासेनियाला दाखव. मी फेअरफील्डला गेले. सुट्टीत ती गोदामाच्या फाटकाशी बाहेर आली, पिवळं जॅकेट घालून. तू येणार होतीस आणि का आली नाहीस ते मी तिला दीड वर्षाने सांगितलं. तिने ऐकलं. तिला तुझा चेहरा आठवत नव्हता. पॅनेलवर बसल्याचं आठवत होतं, कारण तेव्हा सँडविचं होती.

सरहद्द गेल्या बुधवारी उघडली. व्हिसा असलेले लोक येताहेत. आता जागा नाही.

तू सहा-सहा आठवड्यांच्या तुकड्यांना स्पॅनिश शिकवतेस, कॉल सेंटरमधल्या मुलांना, हे माधवने सांगितलं. तुकडी संपली की नवी येते, कुणाचंच नाव लक्षात राहत नाही असं तू म्हणालीस.  चार वर्षं त्याच चाळीस मुलांना पाहायची तुझी तयारी होती.

क्षमा मागितलेली नाही, हे माझ्या लक्षात आहे. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि आणखी एक कागद तुझ्याकडून मागायचा मला अधिकार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. सगळीकडे विचारलं. कुणालाच दाखवायचा नाही. घ्यायला कुणी नाही.

लीना